मुंबईची ट्राम गेली आणि लोकल राहिली, असं का झालं?

प्रश्न असा विचारला आहे: "मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद केली. कोलकात्यात मात्र ती पुढे कितीतरी वर्षं धावत राहिली. मग आपली ट्राम जुनाट झाली म्हणून गेली का? तसं असेल तर तिच्याहून जुनी लोकल कशी टिकली? आणि या दोघींचा एकमेकींशी काही संबंध होता का?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. ट्रामला स्वतःचा रस्ता नव्हता, लोकलला होता. मंद वेग, तोटा, जुने डबे ही कारणं सगळीकडे सांगितली जातात, पण ती बहुतेक या एका कारणाच्या पोटातली आहेत. आणि संबंध म्हणाल तर दोघी एकाच घरातल्या. मी रेल्वेच्या विद्युत विभागात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कारशेडमध्ये, त्यामुळे लोकलची बाजू आतून पाहिली आहे. ट्रामच्या गोष्टी वडिलांकडून ऐकल्या आणि पुढे स्वतः शोधत गेलो.

वयाचा हिशोब आधी करू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. ही जीआयपी रेल्वे, आजची मध्य रेल्वे. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची नावं तिच्या उभारणीशी कायमची जोडलेली आहेत. पश्चिमेकडची कंपनी बीबीसीआय. तिची विरार ते बॅकबे ही उपनगरी गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुरू झाली, तीही दिवसाला एकच. आज दोन गाड्यांमध्ये तीन-चार मिनिटं जास्त गेली की फलाटावर कुजबुज सुरू होते, त्या मार्गाची सुरुवात ही अशी. चर्चगेट स्थानक १८७० मध्ये आलं.

ट्राम त्यानंतरची. तिची कल्पना १८६५ मध्येच निघाली होती, पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईत दिवाळखोरीची लाट आली आणि बेत बारगळला. शेवटी ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम रस्त्यावर आली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. सुरुवातीला तिकीट म्हणून कागदच दिला जात नव्हता. फुकटे वाढले तेव्हा तिकिटं छापली. ही ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडे होते आणि तो तबेला होता कुलाबा कॉजवेवर, आज जिथे बेस्टचं इलेक्ट्रिक हाउस उभं आहे तिथे.

जागा तीच राहिली, ओढणारी शक्ती बदलली. १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' नोंदली गेली आणि ७ मे १९०७ ला विजेवरची पहिली ट्राम निघाली. कंपनीचं नाव पुन्हा एकदा वाचा. आपण ज्याला बेस्ट म्हणतो त्यातला 'टी' मुळात ट्रामवेजचा आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतल्यावर त्याचा ट्रान्सपोर्ट झाला. मुंबई शहरातल्या लोकांच्या घरी आजही विजेचं बिल बसवाल्या संस्थेकडून येतं, याचं नवल परगावच्या माणसाला फार वाटतं. कारण हेच: ट्राम चालवायची तर वीज तयार करायला हवी, वीज तयार केली तर ती घरांना आणि दुकानांनाही विकायला हवी. त्या काळी जगभर ट्राम कंपन्या असाच धंदा करत. मुंबईच्या दिव्यांत ट्रामचा वाटा आहे, आणि हे ऋण शहरानं फारसं बोलून दाखवलेलं नाही याची मला खंत वाटते.

ट्राम कुठून जायची हे नकाशावर पाहिलं की तिचं काम कळतं. दोन्ही रेल्वेमार्ग उत्तर-दक्षिण, एक पश्चिम किनाऱ्याच्या अंगाने, दुसरा बंदराच्या अंगाने. मधली भरगच्च वस्ती, म्हणजे काळबादेवी, गिरगाव, पायधुणी, भेंडीबाजार, भायखळा, लालबाग, परळ, ही ट्रामची. स्टेशनावर उतरलेला माणूस पेढीवर, गिरणीत, बाजारात पोचवायचं काम तिचं. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली. शहर उत्तरेला सरकलं तशी ट्रामही सरकली आणि दादरला तिचं शेवटचं ठाणं झालं. 'दादर टीटी' म्हणजे दादर ट्राम टर्मिनस. तिथल्या चौकाचं नाव खोदादाद सर्कल, पण टॅक्सीवाल्याला आजही टीटीच सांगावं लागतं. पश्चिमेच्या बाजूला जुनी माणसं 'दादर बीबी' म्हणायची, बीबीसीआयवरून. म्हणजे एकाच दादरच्या दोन बाजू, एकीला रेल्वे कंपनीचं नाव, दुसरीला ट्रामचं. दोन्ही कंपन्या गेल्या, नावं जिभेवर राहिली.

आता रुळांकडे येऊ, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. २०१७ च्या अखेरीस हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचं काम चाललं असताना ट्रामचे रूळ सापडले. बातमी वाचून मी मुद्दाम पाहायला गेलो. आमचा रेल्वेचा रूळ वर डोकं, मधे पातळ मान, खाली रुंद पाय असा असतो आणि खडीवर मोकळा उभा असतो. ट्रामच्या रुळाला डोक्याशेजारी एक खाच असते. चाकाची कड त्या खाचेतून जाते आणि बाकी रूळ रस्त्याच्या पातळीला बसलेला असतो, म्हणजे बैलगाडी, टांगा, मोटार त्याच्यावरून जाऊ शकते. ती खाच पाहताना माझ्या डोक्यात एकच विचार आला की या रुळाची सगळी घडण दुसऱ्याला वाट देण्यासाठी आहे. रेल्वेच्या रुळाला ही सवय नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत किंवा कुंपण असतं, आणि फाटकावर थांबायचं असतं ते रस्त्यानं.

रस्त्यावर घोडागाड्या आणि हातगाड्या होत्या तोवर ट्राम राणी होती. १९२० पासून दुमजली ट्रामही धावल्या. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, आणि ती काढली ट्रामच्याच कंपनीनं. बस अडथळा चुकवून जाऊ शकते. ट्रामसमोर एक ट्रक उभा राहिला, एक हातगाडी उलटली, तर मागच्या सगळ्या ट्रामा जागेवर. चालक पायानं घंटा बडवत राहायचा. शिवाय बऱ्याच ठिकाणी रूळ रस्त्याच्या मध्यभागी. म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यानं धावत्या मोटारींमधून वाट काढायची. स्वातंत्र्यानंतर मोटारी वाढल्या तसा वेग पडला. वेग पडला की तेवढ्याच फेऱ्यांना जास्त गाड्या, जास्त माणसं लागतात. खर्च चढतो, भाडं चढवता येत नाही. मग रूळ आणि डबे बदलायला पैसा उरत नाही आणि लोक म्हणतात ट्राम जुनी झाली. ती जुनी झाली हे खरंच, पण कारण आणि परिणाम यांचा क्रम इथे उलटा लावला जातो.

पन्नासच्या दशकात एकेक मार्ग उखडत गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. वडील त्या रात्री रस्त्यावर उभे होते. डब्यात शिरायला जागा नव्हती, लोक दांड्यांना लटकले होते, असं ते सांगायचे. एवढी गर्दी रोज असती तर बंद झाली असती का, असं मी लहानपणी विचारलं. ते म्हणाले, गर्दी रोज असायची रे, पोचायला मात्र वेळ लागायचा. मधल्या काळात विजेवरची बसही काही मार्गावर आणून पाहिली, १९६२ पासून गोवालिया टँक ते माझगाव डॉक. वर तारा, खाली रबरी चाकं. ती १९७१ मध्ये थांबली. तारेला बांधलेलं वाहन गर्दीच्या रस्त्यावर फारशी चुकवाचुकवी करू शकत नाही, तिचंही दुखणं तेच.

आता दोघी एकाच घरातल्या कशा ते सांगतो. फ्रँक स्प्रेग नावाचा एक अमेरिकन अभियंता होता. १८८८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात त्यानं विजेची ट्राम मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली: वर तार, तारेला टेकणारा दांडा, आसाला टांगलेली मोटर. जगभरच्या ट्रामा त्या वाटेनं गेल्या, मुंबईचीही. त्याच माणसानं १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेवर दुसरी युक्ती केली. अनेक डब्यांना स्वतःच्या मोटरी द्यायच्या आणि त्या सगळ्या पुढच्या एकाच कॅबमधून चालवायच्या. मुंबईची लोकल म्हणजे नेमकं हेच. ती इंजिनानं ओढलेली गाडी नाही. एकमेकांना जोडलेल्या, एकाच हुकमानं चालणाऱ्या मोठ्या ट्रामांची रांग आहे. लांब पल्ल्याची गाडी लोको पायलट चालवतो आणि लोकल चालवतो तो मोटरमन. हा शब्द मूळचा विजेच्या ट्रामच्या चालकाचा आहे.

या युक्तीचा सगळ्यात मोठा फायदा मुंबईला मिळाला तो शेवटच्या स्थानकावर. वाफेचं इंजिन आलं की ते सोडवा, दुसऱ्या टोकाला न्या, पाणी भरा, जोडा. लोकलला दोन्ही टोकांना कॅब. मोटरमन फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो किंवा तिथे दुसरा तयार असतो, आणि काही मिनिटांत गाडी परत. चर्चगेटला चार आणि सीएसएमटीला उपनगरी गाड्यांसाठी सात फलाटांवर एवढा भार पेलतो तो या एका गोष्टीमुळे.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर मार्गानं, देशातली पहिली विजेची गाडी धावली. चार डबे, १५०० व्होल्ट, एकदिश प्रवाह म्हणजे डीसी. ५ जानेवारी १९२८ ला पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली. १९३६ पर्यंत वीज विरारला पोचली. डीसीच का, असा प्रश्न नवीन मुलं विचारायची. कारण त्या काळी गाडी ओढायला सगळ्यात चांगली मोटर डीसी सिरीज मोटर होती. थांबलेल्या अवस्थेतून जबरदस्त ओढ देते आणि वेग वाढला की आपोआप हलकी होते. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला आणखी काय हवं! ट्राममध्येही हीच मोटर होती, फक्त लहान.

मी कामाला लागलो तेव्हा याच जातीच्या गाड्या होत्या. रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, पिटवर म्हणजे रुळांखालच्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलं की पहिल्यांदा जाणवायची ती धग. गाडी सुटताना मोटरींना एकदम पूर्ण दाब (व्होल्टेज) देता येत नाही, म्हणून मधे वीज अडवणारे रोधक घालावे लागतात, आणि ते डब्याखाली जाळीच्या पेट्यांत बसवलेले असत. प्रत्येक स्टेशनावरून सुटताना वीज तिथे नुसती तापून जायची. वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या टोकांवर ठिणग्यांनी पडलेले खड्डे कानशीनं घासायचे, कार्बन ब्रशची जाडी मोजायची, मोटरमधली काळी धूळ फुंकून काढायची; संध्याकाळी घरी गेल्यावर नखांतून ती निघायची नाही. मास्टर कंट्रोलरच्या मुठीवरचा हात सुटला तर ब्रेक लागलाच पाहिजे, ही तपासणी कितीही घाई असली तरी कुणी गाळायचा नाही. मोटरमनला कॅबमध्ये भोवळ आली तर मागच्या हजारो माणसांचा जीव त्या एका मुठीवर असतो.

लोकल टिकली ती नुसती नशिबानं नाही, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. तिलाही ट्रामसारखी वेळ आली होती. गर्दी वाढली तसे डबे वाढवले, नऊ झाले, १९८६ पासून बारा. पण पंधराशे व्होल्टची तार तेवढी वीज देईना. दाब कमी असला की प्रवाह जास्त लागतो. गच्च भरलेली गाडी सुटताना तारेतून हजार-दोन हजार अँपिअर ओढायची. त्यासाठी तांब्याच्या जाडजूड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रं. एकाच वेळी चार गाड्या सुटल्या की दाब घसरायचा आणि गाड्या रेंगाळायच्या. उपाय होता २५,००० व्होल्ट एसीचा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचा. तेवढ्याच शक्तीला साधारण सोळावा-सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो, तार हलकी, उपकेंद्रं लांबलांब.

सांगायला सोपं, पण रोज सत्तर-पंच्याहत्तर लाख माणसं वाहणारी व्यवस्था एक दिवसही बंद न ठेवता तिचा कणा बदलायचा होता. दोन्ही दाबांवर चालणारे नवे रेक आणले. एसी आणि डीसीच्या हद्दीवर तारेचा एक मृत तुकडा, तिथून गाडी नुसत्या वेगावर पुढे जायची आणि पलीकडे गेल्यावर व्यवस्था बदलून नवा प्रवाह घ्यायची. सगळ्यात त्रास दिला जुन्या पुलांनी. २५,००० व्होल्टच्या तारेपासून पुलाचा तळ जास्त लांब हवा, आणि ब्रिटिशकालीन पूल बुटके. कुठे पूल उचलायचे, कुठे रूळ खाली घ्यायचे. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल १८७९ चा. तो जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा ब्लॉक घेऊन पाडला. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये, हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली. मी त्या गाडीत होतो. तो घरघरता आवाज, सुटताना बसणारा हलका धक्का, वेगाचा एकेक टप्पा (नॉच) चढताना डब्याखालून येणारी टकटक, हे सगळं पुन्हा ऐकायला मिळणार नाही हे माहीत होतं, आणि तरी हे व्हायलाच हवं होतं हेही माहीत होतं. नव्या रेकमध्ये ब्रेक लावला की मोटर उलट वीज बनवून तारेत परत पाठवते. आयुष्यभर रोधकांत जळून जाणारी वीज पाहिलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

हे सगळं करता आलं, कारण रूळ, तार, फलाट, त्यांच्या बाजूची पट्टी, सगळं रेल्वेच्या ताब्यात होतं. रात्री दीड ते चार गाड्या नसताना काम करा, रविवारी मेगाब्लॉक घ्या. ट्रामला रात्रीही रस्ता दुसऱ्यांचाच होता.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. चर्चगेटच्या दक्षिणेला रेल्वे कुलाब्यापर्यंत जायची. १८९६ पासून तिथे मोठं टर्मिनस होतं. ती जागा रेल्वेची होती, तरीही ३१ डिसेंबर १९३० ला तो तुकडा बंद झाला. बॅकबेच्या भरावानंतर त्या जमिनीला फार मोल आलं, लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला नेल्या आणि उपनगरी गाड्या चर्चगेटला थांबवल्या. जुन्या कुलाबा स्थानकाच्या जागी बधवार पार्कची रेल्वे वसाहत आहे. आज नरिमन पॉइंट आणि कफ परेडला जाणारे लाखो लोक चर्चगेटला उतरून बस किंवा टॅक्सीच्या रांगेत उभे राहतात, ते त्या एका निर्णयामुळे. माझ्या मते ट्राम बंद करण्यापेक्षाही ही चूक मोठी होती.

कोलकात्याबद्दल विचारलंत. तिथे मैदानाच्या हिरवळीतून ट्रामला स्वतःची पट्टी होती, आणि काही रुंद रस्त्यांवरही रूळ मोटारींपासून वेगळे होते. ज्या भागांत ती पट्टी काढून रूळ रस्त्यात मिसळले, तिथे ट्रामची तीच गत झाली जी आपल्याकडे लालबाग-परळला झाली. म्हणून 'त्यांनी जपली, आपण घालवली' असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे वेगळी पट्टी द्यायला रस्ताच नव्हता, आणि जिथे होता, म्हणजे दादरकडच्या रुंद भागात, तिथे तो विचार झाला नाही. तेवढ्याबद्दल मात्र दोष द्यायला हवा.

ट्राम पुन्हा येईल का, या प्रश्नाचं उत्तर जमिनीखाली मिळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत सुरू झाला. तिच्या स्थानकांची नावं ओळीनं वाचा: कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड. कुलाब्याकडची तुटलेली वाट आणि ट्रामची जुनी पेठ, दोन्ही एकाच मार्गात आली. सुरू झाल्यावर मी काळबादेवीला उतरलो, सरकत्या जिन्यानं वर आलो. बाहेर हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, मधे अडकलेली एक बेस्टची बस. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम याच रस्त्यानं पायधुणीकडे वळत होती.